हरभरा वाण तुलना, रब्बी २०२४-२५ : गटाची नोंदवही

१२ ऑक्टोबर २०२४

दसऱ्याच्या बैठकीत शेवटी ठरलं. दरवर्षी फेब्रुवारी आला की आमच्या शेतकरी गटात एकच विषय असतो, माझ्या दिग्विजयला एवढा उतारा आला, तुझ्या जॅकीला तेवढा, आणि प्रत्येकाचं रान वेगळं, पाणी वेगळं, पेरणीची तारीख वेगळी, मग ती तुलना कसली. यंदा एकाच रानात, एकाच दिवशी, चार वाण. रान आमचं, ओढ्याकाठचं दीड एकर, सोयाबीन निघालं की मोकळं. नोंदी माझ्याकडं, कारण कृषीची डिग्री घेऊन घरात बसलेली सून गटात एकटीच आहे, असं आबांचं म्हणणं (सासरे आहेत म्हणून चालतं).

वाण असे: जॅकी ९२१८, आमच्या लातूर भागात घरोघर असलेला, अकोल्याचं विद्यापीठ आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरूची इक्रिसॅट ही संशोधन संस्था यांच्या कामातून आलेला. दिग्विजय, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा, २००६ सालचा, टपोरा दाणा. फुले विक्रम, तोही राहुरीचाच पण उंच सरळ वाढणारा, हार्वेस्टरनी काढता यावा म्हणूनच काढलेला. आणि कृपा, काबुली, हा दोघा तरुण पोरांच्या हट्टामुळं, त्यांना काबुलीचा भाव दिसतोय.

माझी अट एकच होती. क्विंटल मोजून थांबायचं नाही, बियाण्यापासून हमालीपर्यंत सगळा खर्च वाणाप्रमाणे वेगळा लिहायचा.

२१ ऑक्टोबर

पाऊस काही हलत नाही. सोयाबीनच्या गंजी ताडपत्रीखाली, रानात चिखल. गेल्या आठवड्यात हमीभाव आला, हरभरा क्विंटलला ५,६५०, मागच्या हंगामाला ५,४४० होता.

पाऊस आहे तर बियाणं मोजून घेतलं. प्रत्येक वाणाचे शंभर-शंभर दाणे सोनाराच्या काट्यावर. जॅकी २२ ग्रॅम, दिग्विजय २५, विक्रम २१, कृपा ५८. बियाणं एकरी किती टाकायचं हे इथूनच निघतं, पण लोक सरसकट ३० किलोची बॅग टाकून मोकळे होतात. ३० बाय १० सेंमीवर एकरात साधारण १ लाख ३३ हजार झाडं बसतात. २१ ग्रॅमच्या दाण्याला २८ किलो पुरतं, थोडी उगवण कमी धरली तर ३०. कृपाला ओळी ४५ सेंमीवर धरल्या तरी झाडं ८९ हजार, आणि किलोत मोजलं तर ५० च्या वर जातं. दिग्विजयला शिफारशीप्रमाणे ४०.

म्हणजे पेरायच्या आधीच खर्चात फरक. आम्हाला पडलेल्या दरानं एकरी जॅकी २,७००, विक्रम २,८५०, दिग्विजय ३,६००, आणि कृपा ७,५००. आबांनी कृपाचा आकडा दोनदा विचारला.

२९ ऑक्टोबर

वाफसा आला, धनत्रयोदशीच्या दिवशी पेरणी उरकली. ट्रॅक्टरवाला दिवाळीच्या गडबडीत यायलाच तयार नव्हता.

रान सारखं नाही हे आम्हाला माहितीय. बांधाकडचा तुकडा मुरमाड, मधला चांगला काळा भारी, ओढ्याकडचा भारी पण जरा पाणी धरणारा. म्हणून तीन भाग केले आणि प्रत्येक भागात चारही वाणांचा एकेक पट्टा, प्रत्येक पट्टा ५ गुंठ्यांचा. कुठला पट्टा कुठं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, शेजारच्या पोरीला चिठ्ठ्या उचलायला लावल्या. एक काका म्हणाले, हे काय सरपंचाच्या आरक्षणासारखं चाललंय. पण नाहीतर काय होतं, आवडता वाण आपण नकळत चांगल्या मातीत टाकतो आणि मग वाणाचं कौतुक करतो.

बीजप्रक्रिया सगळ्यांना सारखीच, आधी ट्रायकोडर्मा (रोगाला अडवणारी बुरशी) किलोला ५ ग्रॅम, मग रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खतं, सावलीत सुकवून लगेच पेरणी. एकरी एक बॅग डीएपी, १,३५० ची. पेरणीमागं पेंडीमेथालिन हे तणनाशक.

रस्त्याकडची दोन तासं हिशोबात घ्यायची नाहीत असं आत्ताच लिहून ठेवते. कारण डिसेंबरात कळेल.

१० नोव्हेंबर

उगवण मोजली, प्रत्येक पट्ट्यात पाच ठिकाणी एक-एक मीटर ओळ. मीटरला दहा रोपं हवीत. जॅकी आणि विक्रम नऊच्या आसपास, दिग्विजय नऊला थोडं कमी, कृपा सात. काबुलीचं टरफल पातळ असतं, ओल जास्त असली की दाणा सडतो, ओढ्याकडच्या पट्ट्यात ते दिसतंय. नांग्या (रिकाम्या जागा) भरल्या नाहीत, कारण इतर शेतकरी भरत नाहीत.

२१ नोव्हेंबर

काल मतदान झालं. गेले पंधरा दिवस खुरपणीला बाया मिळत नव्हत्या, सभेला गेलं की रोज सुटतो म्हटल्यावर उन्हात कोण बसतंय. आता मिळाल्या.

मर, म्हणजे झाड वाळवणारा बुरशीचा रोग, दिसायला लागली. बांधाकडच्या कृपाच्या पट्ट्यात ठिकठिकाणी झाडं मलूल, उपटून बुंधा उभा चिरला तर आत तपकिरी-काळी रेघ, म्हणजे फ्युजारियम बुरशीच. जॅकी, दिग्विजय, विक्रम तिन्ही मरीला बऱ्यापैकी तग धरणारे आहेत, तिथं एखाद-दुसरं झाड. याच रानात आबांच्या काळात जुना गावरान हरभरा असायचा तेव्हा निम्मं रान वाळून जायचं म्हणे, आणि लोक म्हणायचे पाणी कमी पडलं.

३० नोव्हेंबर

शेंडे खुडले. याला वेगळी मजुरी लागली नाही, बायांनी भाजी घरी न्यायची या बोलीवर झालं. आम्हीही आणली, घोळाणा केला. विक्रमचे खुडावेत का यावर वाद झाला, सरळ वाढणारा आहे, शेंडा मोडला तर फांद्या खाली पसरतील आणि हार्वेस्टरचा फायदाच जाईल. मी म्हणलं तुलना सारखी पाहिजे, आबा म्हणाले मग ज्यासाठी वाण घेतला तेच मोडशील. आबांचं ऐकलं. विक्रम सोडून तिघांचे खुडले, आणि तसं इथं नोंदवलंय.

५ डिसेंबर

तमिळनाडूकडं फेंगल चक्रीवादळ येऊन गेलं आणि इकडं चार दिवस आभाळ. थंडी गायब. कामगंध सापळ्यात घाटेअळीचे पतंग वाढलेत, आणि कळ्या लागायच्या वेळेलाच. मीटर ओळीत लहान अळी एक-दीड सापडतेय, म्हणजे नुकसानीची पातळी गाठलीच. निंबोळी अर्क ५ टक्के मारला, काठ्या रोवून पक्षीथांबे केले.

दुकानदारानं एका व्हॉट्सॲप मेसेजवर तीन औषधांचं कॉकटेल सुचवलं, एकरी १,८०० चं. नको म्हणलं.

१८ डिसेंबर

अळी मोठी व्हायच्या आत इमामेक्टिन हे कीटकनाशक, १० लिटरला ४ ग्रॅम. सगळ्या पट्ट्यांना. कृपाला अजून एक फवारा लागणार असं दिसतंय, त्याची फुलं आता कुठं सुरू होतायत आणि पतंग काही आपल्या वेळापत्रकावर चालत नाहीत. तो खर्च कृपाच्याच नावावर.

तुषारचं दुसरं पाणी पण या आठवड्यात दिलं. फुलोरा भरात असताना देऊ नका असं सगळे सांगतात, आम्ही कळ्यांवर दिलं.

३० डिसेंबर

वेळ अमावस्या. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, या दिवशी लातूर-धाराशिवकडं गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात, कडब्याची खोप, भज्जी, उंडे, आंबील. रस्त्यावर संचारबंदी असल्यासारखं.

आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ढाळे उपटतो. दोन तासं सोडलेली ती याच्यासाठी. तरी पाहुण्यांची पोरं आतपर्यंत गेली, आणि गंमत म्हणजे बरोबर दिग्विजयच्या पट्ट्यात, टपोरा घाटा लांबूनही कळतो. झाडं मोजली, दहा-बारा गेली असतील, पाच गुंठ्यांत एवढ्यानं काही होत नाही.

१६ जानेवारी २०२५

संक्रांत झाली, आज पट्टी घेऊन बसले. जमिनीपासून पहिला घाटा किती उंचीवर, हे मोजायचं होतं. जॅकीचा पहिला घाटा एक वीत, काही झाडांना तर मातीला टेकलेला. दिग्विजय थोडा वर. विक्रम जवळपास एक फूट. हार्वेस्टरचं पातं जमिनीपासून निदान अर्धा फूट वरून फिरवावं लागतं, त्याच्याखाली ढेकळं आणि दगड असतात, म्हणून हा एक फूट म्हणजे खरं तर पैशाचा आकडा आहे.

घाटे मोजले तर झाडागणिक दिग्विजय सगळ्यात पुढं. त्यात गंमत अशी की जॅकीत दोन दाण्यांचे घाटे जास्त निघतायत, मग दिग्विजय तिथं जेवढा मागं पडतो तेवढं त्याच्या दाण्याच्या वजनानं भरून निघतंय. बघू काट्यावर.

३ फेब्रुवारी

ऊन बघा. दुपारी पंखा लावून जेवतोय फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. दाणा भरायची वेळ आणि अशी उष्णता, झाड घाईनं पिकायला लागतं. जॅकीला फारसा फटका नाही, तो पिवळा पडलाच आहे. कृपाचे वरचे घाटे मात्र रिकामे राहतायत, दाबले की पोचट. त्याला एक जादा पाणी दिलं.

(मार्चमध्ये जोडलेली ओळ: हवामान खात्यानं सांगितलं की १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला हा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी. आम्हाला ते पंख्यानं आधीच सांगितलं होतं.)

१५ फेब्रुवारी

जॅकी ८ तारखेला काढला, दिग्विजय काल. कापणी उक्ती, एकरी ३,२०० ठरली. पहाटे पाचला सुरुवात, दवात घाटे गळत नाहीत म्हणून, आणि आंबीमुळं (झाडावरचा आंबट खार) बायांच्या हातापायाला चरचर होते म्हणून सगळ्यांनी जुने मोजे आणि बाह्या घातलेल्या. नऊनंतर काम बंद. हे काम किती वाईट आहे हे मी आत्तापर्यंत बांधावरून बघत होते, यंदा दोन दिवस ओळीत बसले. कंबर आणि हाताची कातडी दोन्ही गेली. उक्त्याचा दर दरवर्षी का वाढतो यावर मी आता वाद घालणार नाही.

मळणी यंत्र क्विंटलला २५०.

२१ फेब्रुवारी

हार्वेस्टर आला. पाच-पाच गुंठ्यांच्या तीन पट्ट्यांसाठी कोणी येत नाही, गटातल्या एकाचा शेजारी सहा एकर विक्रम होता, त्याच्या मागोमाग आमचं करून घेतलं, एकरी २,२०० नं. ड्रायव्हर पंजाबातून आलेला. पट्टा संपला की टाकी पूर्ण रिकामी करून पुढचा पट्टा, हे त्याला तीनदा समजावलं, तो वैतागला, चहा पाजला, मग केलं.

हार्वेस्टर सांडतो म्हणून लोक घाबरतात, तर मोजून बघितलं. एक मीटर बाय एक मीटरची काठ्यांची चौकट मागं टाकायची, आतले जमिनीवरचे दाणे मोजायचे. ४० दाणे पडले तर शंभर दाण्यांना २१ ग्रॅमच्या हिशोबानं एकरी ३४ किलो. मधल्या भागात २५ ते ३०, ओढ्याकडं जिथं रान उंचसखल आहे तिथं ६० पर्यंत गेले. म्हणजे दोष वाणाचा पण नाही आणि मशीनचा पण नाही, पेरणीनंतर फळी न मारल्याचा आहे. विक्रम पेरायचा तर रान सपाट पाहिजे, ही गोष्ट बॅगेवर कुठं लिहिलेली नसते.

मालात फुटका दाणा आणि माती थोडी जास्त. ड्रमचा वेग कमी करायला लावल्यावर फूट कमी झाली.

कृपा तीन-चार दिवसांनी हातानं काढू.

४ मार्च

वजनं. किलोत, पाच गुंठ्यांचं, बांधाकडून ओढ्याकडं याच क्रमानं.

जॅकी ९८, ११२, १०५
दिग्विजय १०९, १२४, ११२
विक्रम १०३, ११६, १०७
कृपा ६१, ८६, ७४

आठनं गुणलं की एकर. सरासरी जॅकी ८.४ क्विंटल, दिग्विजय ९.२, विक्रम ८.७, कृपा ५.९.

आता हे वाचताना एक गोष्ट. एकाच जॅकीत बांधाकडचा आणि मधला यात १४ किलोचा फरक आहे, म्हणजे एकरी १ क्विंटल १२ किलो, नुसत्या मातीचा. विक्रम आणि जॅकी यांच्यात फरक ३० किलो एकरी, तो मी फरक मानत नाही. दिग्विजय मात्र तिन्ही भागांत जॅकीच्या वर आणि विक्रमच्याही वर आहे, त्याला मानावं लागेल, जरी एका हंगामावर कोणी पैज लावू नये. कृपा तिन्ही ठिकाणी खाली आणि मुरमाडात तर पार खाली.

११ मार्च

लातूरचा मोंढा. भाव हमीभावाच्या खालीच चाललाय. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून बिनशुल्क येतोय आणि बेसनवाल्यांना तो चालतो, यावर आडतीत जेवढी चर्चा होते तेवढी संसदेत होत नसेल. सरकारी खरेदीला नोंदणी करून ओलावा, माती, फुटका दाणा सगळं बसवून थांबायची आमची तयारी नव्हती, सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचंय.

जॅकी ५,३५०. दिग्विजय ५,४००, दाणा टपोरा एकसारखा म्हणून पन्नास वर. विक्रम ५,२५०, माती आणि फूट दाखवून शंभर कमी केले. चाळून नेला असता तर वाचले असते असं वाटतं, पण चाळायला माणूस लावला की त्यातले किती उरतात तेही बघायला पाहिजे.

काबुलीला आमच्या आडत्याकडं गिऱ्हाईकच नव्हतं. इंदूरला माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याला गाठलं. तिथं भाव काउंटवर, म्हणजे एका औंसात किती दाणे बसतात त्यावर. आम्ही पेरलं ते बियाणं औंसाला ४९ दाण्यांचं होतं, आमच्या शेतात निघालेला माल ५४-५६ काउंटचा, फेब्रुवारीच्या उन्हानं दाणा बारीक केला. ७,६०० दिले.

२३ मार्च

हिशोब, एकरी. सगळ्यांना सारखा खर्च ९,८०० आला, म्हणजे रोटाव्हेटर, पेरणी, डीएपी, तणनाशक, खुरपणी, दोन फवारण्या, पाण्याची मजुरी वगैरे. घरच्या माणसांची मजुरी आणि जमिनीचा खंड यात धरलेला नाही, ते धरलं की सगळेच आकडे रडवतील.

जॅकी: खर्च १७,८००, विक्री ४४,९४०, हातात २७,१४०.
दिग्विजय: खर्च १८,९००, विक्री ४९,६८०, हातात ३०,७८०.
विक्रम: खर्च १४,८५०, विक्री ४५,६७५, हातात ३०,८२५.
कृपा: खर्च २३,५६० (बियाणं, जादा फवारा, वाहतूक), विक्री ४४,८४०, हातात २१,२८०.

दिग्विजय आणि विक्रममध्ये ४५ रुपयांचा फरक! अर्धा क्विंटल कमी पिकवून आणि क्विंटलला दीडशे कमी भाव घेऊन विक्रम बरोबरीला आला, कारण कापणी-मळणीत दिग्विजयला ५,५०० गेले तिथं विक्रमला २,२००, आणि बियाण्यात साडेसातशे वाचले ते वेगळे. बैठकीत हा आकडा वाचल्यावर जॅकीवाले गप्प आणि दिग्विजयवाले चिडलेले.

काबुलीवाल्या पोरांनी विचारलं भाव किती पाहिजे होता. दिग्विजयची बरोबरी करायला ९,२१० च्या आसपास. तेवढा भाव मोठ्या काउंटला मिळतोही, पण मग दाणा तेवढा मोठा निघाला पाहिजे, त्यासाठी पेरणी आधी, रान मरीमुक्त, शेवटचं पाणी हमखास. आमच्या ओढ्याकाठी तिन्ही एकत्र जमायची शक्यता मला तरी दिसत नाही. विकत्या भावाकडं बघून वाण निवडला की असं होतं, भाव ज्या दाण्याचा असतो तो दाणा आपल्याकडं पिकतो का हे कोण बघतंय.

अजून एक आकडा कुतूहल म्हणून काढला, क्विंटलमागं खर्च. विक्रम १,७०७, दिग्विजय २,०५४, जॅकी २,११९, कृपा ३,९९३. हमीभाव ठरवताना केंद्रानं हरभऱ्याचा खर्च क्विंटलला ३,५२७ धरलाय, त्यात घरची मजुरी आहे, आमच्यात नाही, त्यामुळं हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणी खूश होऊ नये.

८ एप्रिल

गेल्या बैठकीत एक काका हिशोब ऐकून नुसतं म्हणाले, गुळी कुठाय? आणि बरोबर होतं त्यांचं. मळणी यंत्राखाली गुळी, म्हणजे भुसकट, एका ठिकाणी पडतं, हार्वेस्टर ते रानभर उडवून देतो. आमच्याकडं दोन म्हशी आणि बैलजोडी. हरभऱ्याची गुळी विकत घ्यायची तर यंदा एकराच्या मालाला १,८०० पडले असते. ते धरलं तर दिग्विजय ३२,५८० आणि जॅकी २८,९४०, विक्रम जिथल्या तिथं.

मग घराघराप्रमाणे उत्तर बदलायला लागलं. ज्यांच्याकडं जनावरं आहेत आणि घरात कापणीला तीन-चार हात आहेत त्यांचा दिग्विजय पुढं जातो, उक्त्याचे ३,२०० सुद्धा घरात राहतात. ज्यांची पोरं पुण्याला आणि रानात फक्त म्हातारा-म्हातारी, दावणीला काही नाही, त्यांनी विक्रम सोडून दुसरं काही पेरू नये असं मला वाटतं, कापणीला माणूस मिळाला नाही आणि घाटे रानातच गळाले तर सव्वानऊचा उतारा कागदावरच राहतो. एक विधवा काकू आहेत गटात, चार एकर, त्यांनी तिथंच सांगितलं, मला विक्रम द्या. आबांनी दिग्विजय. जॅकी सोडायला मात्र अर्धा गट तयार नाही, लवकर निघतो, फेब्रुवारीच्या उन्हाआधी हातात येतो, आणि ज्यांना शेवटचं पाणी नाही त्यांच्यासाठी हे कारण मलाही पटतं.

बियाण्यासाठी दिग्विजय आणि जॅकी मधल्या पट्ट्यांतलाच ठेवलाय, वाळवून, कोठीत. विक्रमचं बियाणं नवीन आणू, हार्वेस्टरच्या टाकीतनं आलेला माल पेरायला ठेवत नाही, त्या सहा एकरांच्या आधी तो कुठल्या रानात फिरला होता कुणाला माहीत.

ऑक्टोबरसाठी: कृपा बंद, त्या जागी अकोल्याचा पीडीकेव्ही कनक, तोही हार्वेस्टरनी निघणारा, म्हणजे विक्रमला जोडीदार मिळेल. पेरणीमागं फळी मारायची. गुळीचा रकाना हिशोबात पहिल्यापासून. आणि पट्टे दहा गुंठ्यांचे करायचे, हार्वेस्टरवाल्याला चहा तरी कमी लागेल.